भागाकार सांगा, बेन

"आकडा राहू द्या, भागाकार सांगा, बेन," असं म्हणून आमचे साहेब चष्मा कपाळावर ढकलायचे. नव्वदच्या दशकात मी सुरतेत हवा तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. साहेब बडोद्याचे मराठी, पण मला कायम गुजराती धाटणीनं 'बेन'च म्हणायचे.

त्यांना एकच वेड. हवेतलं फॉर्मॅल्डिहाइड भागिले नायट्रोजनचे ऑक्साइड. "उत्तर मोठं आलं तर बॉयलरचा धूर आवरायचा. लहान आलं तर छपाईतल्या घासलेटची वाफ. भलतंच आवरलं तर फुप्फुसं जाळणारा ओझोन उलट वाढतो."

मला हे चटकन कळलं, कारण माझे खानदेशी वडील पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये साड्या छापायचे. रंग घासलेटात घोटलेला. घरी येत ते लाल डोळ्यांनी, धापा टाकत.

आम्ही पांडेसऱ्यापासून वाऱ्याच्या वाटेवरच्या, शहराबाहेरच्या कामरेजपर्यंत नमुने घेतले. बसमध्ये साहेब बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन बसायचे. कंडक्टरनं पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "आमां शुं छे?" साहेब म्हणाले, "हवा." त्यानं पेटीचंही तिकीट फाडलं.

उत्तर दर वेळी लहानच आलं. साहेब म्हणाले, "आता घासलेट बंद करावंच लागेल, बेन." मी घरी सांगितलं आणि वडिलांनी छपाईखात्यात सगळ्यांना.

साहेबांच्या सहीचा अहवाल छापून आला, त्यात भागाकार नव्हता. कामरेजचं पान नव्हतं. 'पांडेसऱ्यात ओझोन कमी, काळजीचं कारण नाही,' एवढंच. धुराड्यांजवळ धूरच ओझोन खातो आणि ओझोन तयार होतो तो पुढे, वाऱ्याबरोबर कामरेजला, हे मला त्यांनीच शिकवलं होतं!

मी फाइल त्यांच्यापुढे आपटली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आकडा खोटा आहे का, बेन?"

अडाण्यानं असं केलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पुढच्या महिन्यात साहेब एका छपाई मिलमध्ये सल्लागार म्हणून गेले. जाताना भेटलेसुद्धा नाहीत. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आणि हवेबद्दल कुणी विचारलं की तोंडातून त्यांचंच शिकवलेलं बाहेर पडतं, याचा राग निराळा.

अहवालाची एक प्रत मी घरी आणली होती. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. नमुने घेणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, तेवढी अक्षरं त्यांनी ओळखली.

"हाई तुनं नाव शे ना, बेटा?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते प्रत छपाईखात्यात दाखवायला घेऊन गेले.