निळ्या पेटीतली न फिरवलेली टेप

इटलीतल्या फेरारात दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीकडे सायकली हाणतं. ओरेस्ते गाल्व्हानिन तेवढा उलट्या दिशेला. जुन्या साखर कारखान्याच्या गोदामात त्याच्या टेपा होत्या, आणि वर्षातून एकदा, याच दिवशी सुरुवात करून, तो त्या एकेक करून पुढे-मागे फिरवून ठेवायचा. कोपऱ्यावरची कॉफीवाली इल्दे त्याला टोमणा मारल्याशिवाय कधी सोडायची नाही.

"निघाला बघा, भुतांना वारा घालायला! अरे, आईच्या थडग्यावर दोन फुलं ठेव आधी."

"आई समजूतदार आहे," तो म्हणायचा. "टेपा नाहीत."

आणि खरंच नसतात. टेप गुंडाळून ठेवली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उतरतो. मग सूर वाजायच्या दोन-चार सेकंद आधीच तो भिंतीपलीकडून आल्यासारखा ऐकू येतो. अजून वाजलाच नाही, आणि ऐकू येतोय! धंद्यातले लोक त्याला सावली म्हणतात. टेप फिरवत राहिलं की सावली फिकी होते, दुसरा इलाज नाही. म्हणून ओरेस्ते फिरवायचा. पांढरे सुती हातमोजे घालून, उभ्यानं, दिवसभर. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, बोलायचा तेही मोजकंच. चिवट माणूस. देवानं त्याला एखादा साधा छंद द्यायला हवा होता, मासे पकडण्याचा वगैरे, पण नाही दिला.

टेपा बहुतेक नेव्हिओ ब्रुसात्तीच्या. सॅक्सोफोनवाला नेव्हिओ, हे दोघं लहानपणापासूनचे दोस्त, एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं काचेमागे बसून टेपवर घ्यायचं. एकोणसाठच्या मार्चमध्ये याच गोदामात नेव्हिओनं शेवटचं वाजवलं आणि त्याच संध्याकाळी घराच्या जिन्यात कोसळला. अडतीस वर्षांचा होता. त्या शेवटच्या वाजवण्याची तबकडी निघाली आणि इटलीभर गाजली. लोक म्हणाले, मरण आधीच दिसलं होतं त्याला, म्हणून असं वाजवलं.

डोंबल दिसलं होतं! खरं काय ते एकट्या ओरेस्तेला माहीत होतं. तीच धून चार वेळा वाजवून झाल्यावर नेव्हिओनं वाद्य तोंडातून काढलं, काचेकडे बघितलं आणि म्हणाला की छातीत दुखतंय. ओरेस्तेनं त्याला उत्तर दिलं. नेव्हिओनं मान हलवली आणि पाचव्यांदा वाजवलं. तीच ती तबकडी.

चाळिसाव्या दिवशी ओरेस्तेनं ब्लेड घेतलं, बोलण्याचे ते चार सेकंद कापले, चुलीत घातले, दोन टोकं चिकटवली आणि टेप निळ्या पेटीत टाकून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. तेव्हापासून चारशे अकरा टेपा दरवर्षी फिरल्या. ती एक नाही. हात धजावला नाही.

बत्तीस वर्षांनी नेव्हिओच्या मुलीचा, फुल्वियाचा फोन आला. बाप गेला तेव्हा दोन वर्षांची होती, आता शाळेत शिकवत होती. "काका, निळी पेटी काढून ठेवा. तबकडी नव्यानं निघतेय, त्याआधी मूळ टेप मला ऐकायचीय. मृतांच्या दिवशीच येते, आईला फुलं वाहिली की तशीच."

आई, म्हणजे आर्मिदा, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, हिवाळ्यात गेली होती. जन्मभर तिनं मुलीला एकच ऐकवलं: तुझा बाप घमेंडी. मरत होता, पण एक शब्द बोलला नाही. तुझी-माझी आठवण असती तर बोलला असता. ओरेस्ते त्यांच्या टेबलावर दर रविवारी जेवायचा आणि हे ऐकत भोपळ्याचं सारण भरलेले पास्त्याचे कापेलाच्ची खाली मान घालून गिळायचा.

त्या सकाळी धुकं इतकं की खिडकीला पोतं बांधल्यासारखं. नऊ वाजता ओरेस्तेनं निळी पेटी उघडली. चार आण्यांचं धैर्य होतं तेवढं एकवटलं आणि टेप लावली. चौथं वाजवणं संपलं. सुनं झालं. आणि त्या सुन्यात कुणीतरी बोललं.

"ओरेस्ते, छातीत दुखतंय रे."

त्यानं मागे वळून बघितलं. गोदामात कुणी नव्हतं. चिकटवलेला सांधा टक् करून यंत्रातून गेला आणि लगेच, दुसऱ्या बाजूनं, तेच पुन्हा: "ओरेस्ते, छातीत दुखतंय रे." आणि त्याच्या पाठोपाठ एक तरुण, घाईतला आवाज. तो कुणाचा हे कळायला त्याला एक क्षण लागला.

कापलेला तुकडा जळून गेला होता. पण त्या चाळीस दिवसांत त्याची सावली पुढच्या-मागच्या वेढ्यांवर उतरली होती, आणि ही एकच टेप कधी न फिरल्यामुळे ती तशीच्या तशी बसून राहिली होती. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या सावल्या पुसल्या, त्यानं स्वतःचीच तेवढी जपून ठेवली!

इलाज त्याला पाठ होता. तीनदा फिरवली की काम फत्ते. एकदा फिरवली. कान लावला, आवाज लांब गेला होता. दुसऱ्यांदा फिरवणार, तोच बाहेर सायकलची घंटी वाजली.

"काका, काय हो हे धुकं! दोनदा कठड्याला धडकले." फुल्वियानं बदामाच्या छोट्या बिस्किटांची पुडी टेबलावर ठेवली. "घ्या, मेलेल्यांच्या नावानं. लावा आता."

त्यानं लावली. ती डोळे मिटून ऐकत होती. चौथं संपलं, आणि तिनं डोळे उघडले.

"थांबवा. कुणीतरी कुजबुजतंय."

ओरेस्तेनं बटण दाबलं. "जुनी टेप आहे पोरी. सावली असते. दोनदा फिरवली की जाईल."

"मग फिरवा ना. मला बाबांचं वाजवणं स्वच्छ ऐकायचंय." ती हसली, पण डोळे भरले होते. "आई म्हणायचीच, वाजवण्यापलीकडे ह्या माणसाकडून काही मिळायचं नाही. आज थडग्यापाशी मी तिला म्हटलं, बरोबर होतं तुझं."

त्याचं बोट फिरवायच्या बटणावर होतं. नुसतं दाबायचं. तीच सांगत होती पुसायला! आणि तिथंच त्याच्या छातीत बत्तीस वर्षांचं ओझं असं काही हललं की बोट मागे आलं. त्यानं टेप हातानंच थोडी मागे घेतली, आवाज होता तेवढा वाढवला आणि कानाचे भोंगे तिच्या डोक्यावर चढवले. स्वतः तिच्या तोंडाकडे बघत बसला.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं भोंगे काढले.

"बाबा बोलले होते."

"हो."

"आणि त्यानंतर दुसरा माणूस म्हणतो, 'एकदाच, नेव्हिओ, शेवटचं.' तो कोण?"

ओरेस्तेनं हातमोजे काढले, घडी केली. "मी."

बाहेर शेवंत्या घेऊन जाणाऱ्या सायकलींच्या घंट्या धुक्यात वाजत होत्या. फुल्वियानं आदळआपट केली नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिनं भोंगे पुन्हा कानांवर चढवले.

"मागे घ्या."

"पोरी, दर वेळी मागे घेतली की आवाज फिका होतो तो. संपेल एक दिवस."

तिनं थेट त्याच्याकडे बघितलं.

"एकदाच, काका," ती म्हणाली. "शेवटचं."

ओरेस्तेनं उघड्या हातांनी टेप मागे फिरवली.