रेतीवरचा सत्कार

नव्वदच्या दशकात आमच्या शहरातल्या एका सांस्कृतिक समितीने गंगेच्या पलीकडच्या रेतीवर दोन दिवसांचा रॉक संगीताचा महोत्सव भरवला. रॉक म्हणजे काय हे समितीला ठाऊक नव्हतं आणि त्याची तिला खंतही नव्हती. तिने आयुष्यभर ख्याल-ठुमरीची संमेलनं भरवली होती. कुणा मोठ्या साहेबाने सुचवलं की तरुण पिढी आणि विदेशी पाहुणे यांना जोडणारं काहीतरी करा. समितीने जोडायचं ठरवलं.

मी तेव्हा एम. ए. करत होतो आणि रॉकचा भक्त होतो. भक्त हा शब्द मी विचार करून वापरतो, कारण बनारसमध्ये हा आजार दुसऱ्या कुठल्याही शब्दाने कुणाला कळत नसे. घाटांवरच्या लॉजमध्ये उतरणाऱ्या गोऱ्या पोरांकडून कॅसेट मिळायच्या. त्यांच्या नकला व्हायच्या, नकलांच्या नकला व्हायच्या, आणि माझ्यापर्यंत येईतो गाणारा दुलईत तोंड घालून गातोय असं ऐकू यायचं. गाण्याची ती शैलीच असावी अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

माझा मामेभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. राहायला दुर्गाघाटावर. तिथल्या त्यांच्या घरात महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धार्मिक कृत्यं करून देण्याचं काम कैक पिढ्यांचं. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्याने जड झालं म्हणून टाकून दिलेलं इलेक्ट्रिक गिटार त्याच्याकडे आलं होतं. मी त्या कॅसेट नुसत्या ऐकायचो, तो त्या दुलईखालून एकेक स्वर ओढून बाहेर काढायचा. दिल्लीच्या एका बँडचा ड्रमवाला बनारसला आला असताना त्याने ह्याला लॉजच्या गच्चीवर ऐकलं आणि सांगून गेला, आमच्याकडे गिटारला माणूस हवाय, होळीनंतर ये.

मामांना विचारणं आलं. मामा ओरडणाऱ्यांतले नव्हते. ओरडणाऱ्याची समजूत तरी काढता येते.

"मी जे ऐकलं नाही, त्याला हो कसं म्हणू?" ते म्हणाले. "आणि नाही तरी कसं म्हणू? चार लोकांत वाजव. मी येऊन ऐकेन. बरं वाटलं तर जा."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर होळीपासून माझ्याबरोबर कामाला बसायचं. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. तू नाही, मीही नाही."

मामेभाऊ कबूल झाला. मामांचा शब्द आणि घाटाची पायरी, दोन्ही जागची हलत नाहीत हे त्याला माहीत होतं. महोत्सवात स्थानिक मुलांना एक जागा होती. त्याने आपल्या दोन सोबत्यांसह नाव दिलं, समितीने घेतलं. रविवारी दुपारी, उन्हं उतरताना.

शनिवारी सकाळी आम्ही मामेभावाचे आणि त्याच्या सोबत्यांचे अ‍ॅम्प्लिफायर नावेत चढवले तेव्हा मल्लाह म्हणाला, "ई का है भैया, फ्रिज?"

"बाजा है."

"इतना बड़ा? भीतर आदमी बइठा है का?"

पलीकडे रेतीवर बांबूचा मंच उभा होता. त्याला मागून जरीचे पडदे, वरून झेंडूच्या माळा. पुढे पांढऱ्या चादरींच्या गाद्या, लोड-तक्के, आणि चपला बाहेर काढण्याची सूचना. गाद्यांच्या मागे दोरी, आणि दोरीमागे आम्ही. म्हणजे ज्यांना हे संगीत ऐकायचं होतं ते उभे, आणि ज्यांना नव्हतं ते लोडाला टेकून. पोलिसांची अट अशी की अंधार पडायच्या आत सगळ्यांनी नावांतून अलीकडे यायचं. त्यामुळे कार्यक्रम सूर्याच्या हातात होता. समितीने सूर्याचाही सत्कार ठेवला असता, पण तो मंचावर येण्यातला नव्हता.

शनिवारी दिवा वाऱ्यावर लागेना, म्हणून दीपप्रज्वलन कनातीच्या आड झालं आणि आम्ही त्याला अंदाजाने टाळ्या दिल्या. मग मान्यवर झाले. मान्यवरांना ज्यांनी सुचवलं ते झाले. आणि मग कलकत्त्याचा बँड सुरू झाला, आणि माझ्यावरची ती दुलई कुणीतरी एकदम ओढून काढली. ते कसं होतं हे मी सांगायचा प्रयत्न करणार नाही. पायाखालची रेती थरथरत होती आणि बरगड्यांच्या आत कुणीतरी दार ठोकत होतं एवढं आठवतं. माझ्या बाजूला एक जर्मन मुलगी डोळे मिटून रडत होती. गादीवरचे एक वयस्कर रसिक शेजाऱ्याला विचारत होते, "ताल तो पक्का है, पर राग कौन-सा पकड़े हैं?"

मामेभाऊ तेव्हा माझ्याशेजारी होता. बँडच्या गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत होता. परतताना नावेत एवढंच म्हणाला, "दादा, मी हे करू शकतो." बढाई नव्हती ती. अमकी पायरी निसरडी आहे, असं सांगावं तसं म्हणाला.

रविवारी जनरेटर रुसला. तो सुरू होईतो सगळंच मागे पडलं. मामा ठरल्याप्रमाणे आले, धोतर, लोकरी कोट आणि छत्री. समितीच्या लोकांनी त्यांना ओळखलं आणि थेट गादीवर नेलं. भाचा म्हणून मलाही दोरीच्या पुढे बढती मिळाली. चपला काढून मी लोडाला टेकलो.

बँड वाजवायला लागण्याआधी आवाज तपासून घ्यावे लागतात. कुठलं वाद्य किती, कुठून ऐकू येतंय, वगैरे. कलकत्त्याच्या मंडळींनी हे आदल्या दिवशी सकाळीच, रेतीवर कुणी नसताना उरकलं होतं. ह्या तिघांना जनरेटरपायी ती संधी मिळाली नाही. सगळे बसलेले असतानाच मामेभावाने तार छेडली, थांबला, बाजूच्या माणसाला काहीतरी खुणावलं, पुन्हा छेडली. ड्रमवर एकच एक ठोका पडत राहिला. मग गिटारचा एखादा तुकडा यायचा आणि अर्ध्यावर तुटायचा. त्याला सगळं नीट लागायला हवं होतं, कारण त्याचे वडील पहिल्या रांगेत होते.

आता आमच्या शहराची एक खोड सांगायला हवी. इथे तंबोरा लावणंसुद्धा ऐकतात. जाणकार तेव्हाच डोळे मिटतात, आणि गवई कितपत पाण्यात आहे ते तिथेच कळतं असं मानतात. बघता बघता निम्म्या गादीने डोळे मिटले. एकाने हळूच मान डोलावली. ज्या ठोक्यावर डोलावली तो ठोका दोरीमागच्या, आवाज कमी-जास्त करायच्या पेटीची तपासणी होता.

मी मामांच्या कानाशी लागलो. "मामा, हे अजून सुरू झालेलं नाही. सगळं लागलंय का बघताहेत."

"बघू दे की," मामा म्हणाले. "मला घाई नाही."

घाई प्रमुख पाहुण्यांना होती. त्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं. ते खास नावेतून उतरले, रेतीतून बूट उचलत आले, आणि त्यांच्यासाठी सगळी गादी उभी राहिली. तोवर तपासणी संपत आली होती. मामेभावाने एक पूर्ण लकेर घेतली, थांबला, आणि समाधानाने सोबत्यांकडे बघून मान हलवली. ती शांतता समितीच्या अध्यक्षांनी पकडली. ते माइकशी गेले.

"अभी-अभी हम सबने काशी के इन होनहार बालकों की अद्भुत प्रस्तुति सुनी," ते म्हणाले. "मैं मुख्य अतिथि महोदय से निवेदन करूँगा कि वे इन्हें आशीर्वाद दें."

टाळ्या झाल्या. कुणीतरी तबक आणलं. प्रमुख पाहुणे शाल उलगडून पुढे झाले.

आमच्याकडे शाल शेवटी देतात. ती खांद्यावर पडली की वादक उठतो आणि तबलजी हातोडी पिशवीत टाकतो. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण शाल घेऊन पुन्हा वाजवायला बसलेला माणूस मी बनारसमध्ये पाहिलेला नाही. मामेभावालाही हे माहीत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. मामा टाळ्या वाजवत नव्हते, नुसते बघत होते. समोर एक पांढऱ्या केसांचा माणूस दोन्ही हातांत शाल धरून उभा होता. मुंज झाल्यापासून ह्या मुलाला शिकवलेलं होतं की असा माणूस समोर आला की मान वाकवायची. त्याने वाकवली. एका हातात गिटारची मान, दुसऱ्या हातात त्यांनी नारळ दिला.

त्याच्या सोबत्यांपैकी एक जण माइकवर म्हणाला, "सर, अभी तो हमने शुरू भी नहीं किया."

गादी खळखळून हसली.

"देखिए," अध्यक्ष भारावून म्हणाले, "यही है काशी की विनम्रता."

मग भाषण झालं. संगीत, संस्कार, व्यसनं, गंगा आणि पुन्हा संस्कार. काही शाली उरल्या होत्या, त्या संपवल्या गेल्या. जनरेटरवाल्यालाही एक मिळाली, आणि माझ्या मते त्या दिवशीची ती एकच रास्त होती. सूर्य घाटांच्या मागे उतरायला लागला. मल्लाह किनाऱ्यावरून हाका मारायला लागले.

मी अध्यक्षांना गाठलं. "अध्यक्षजी, इनको एक गाना बजा लेने दीजिए. एक ही."

"बेटा, शाल के बाद कोई बजाता है? अपमान हो जाएगा."

"किसका?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "शाल का," ते म्हणाले, आणि पानाची डबी उघडून माझ्यापुढे धरली. ते चेष्टा करत नव्हते.

परतीच्या नावेत आम्ही तिघं आणि अ‍ॅम्प्लिफायर. मामेभाऊ शाल घडी करून मांडीवर घेऊन बसला होता. अर्धी गंगा मागे पडली.

"सुराला पक्का आहेस," मामा म्हणाले. "हात फिरतो. पण मांडलं काहीच नाहीस. सुरू करतोस आणि सोडतोस."

"बाबा, मी वाजवलंच नाही."

"मग इतका वेळ काय केलंस?"

"नीट ऐकू येतंय का ते बघत होतो."

"मी सांगत होतो तुम्हाला," मी म्हणालो.

"तू सांगितलंस. मला वाटलं, आता पुढे वाजवेल." मामांनी शालीकडे पाहिलं. "म्हणजे न वाजवता घेतलीस."

त्याने शालीची घडी पुन्हा सारखी केली.

"कर्म केल्याशिवाय आपण कुणाची दक्षिणा घेतो का रे?"

"मामा," मी म्हणालो, "त्याने ती नाकारली असती तर भर सभेत उद्धटपणा केला म्हणून तुम्हीच त्याला धारेवर धरलं असतं."

"धरलं असतं," मामा म्हणाले. "पण मग त्याने वाजवलं असतं, आणि मी ऐकलं असतं."

वल्ही पाण्यात पडत होती. मी म्हटलं, घरी ऐका, उद्या ऐका, तुमच्या गच्चीवर ऐका. मामांनी नकार दिला नाही. ते मुलाकडे बघत राहिले, त्याने विचारायची वाट बघत असल्यासारखे. माझी आजही खात्री आहे की त्याने विचारलं असतं तर ते ऐकायला बसले असते.

"राहू दे, दादा," मामेभाऊ म्हणाला. "चार लोकांत वाजवायचं ठरलं होतं."

तो कुणाचा मुलगा होता ते त्या वाक्यात कळलं. राग आला मला, दोघांचाही. अध्यक्षांचा येत नव्हता. ठेच लागली म्हणून पाण्याच्या घंगाळाचा राग येत नाही तसा.

होळीनंतर तो कामाला बसला. आवाज मोकळा, उच्चार स्वच्छ. पुण्या-नाशिकची मंडळी त्याला मागून घ्यायला लागली. दिल्लीहून एक पत्र आलं, त्याचं त्याने काय केलं मला माहीत नाही. समितीने पुढच्या वर्षी पुन्हा ख्याल-ठुमरी धरली. रॉकचा प्रयोग यशस्वी झाला असं अहवालात असणार, मी वाचलेला नाही.

दोन-तीन वर्षांनी एकदा दुर्गाघाटावर गेलो होतो. मामा ओसरीत एकटेच होते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "तू त्याचं ऐकलं होतंस ना? ते सगळं. सलग."

"ऐकलं होतं."

"कसं होतं?"

मी तोवर पुस्तकांबद्दल बरंच काही लिहायला लागलो होतो आणि मला बरे शब्द येत होते. त्यातला एकही वापरवेना.

"तुम्ही हो म्हणाला असतात," मी म्हणालो.

आत मामेभाऊ कुणा यजमानांना आचमन कसं करायचं ते सांगत होता, सावकाश, न चिडता.

"मला वाटलंच होतं," मामा म्हणाले. "म्हणून विचारत नव्हतो."