विठोबाला दिलेला अँप्लिफायर

नरहरीची पँट आणि नरहरीचा शब्द, दोन्हींत कधी वाकडं निघत नाही, असं म्हैसूरच्या शिंप्यांच्या गल्लीत म्हणत. वडिलांमागे दुकान त्याने नेटाने चालवलं, दोन मुली उजवल्या, कुणाचं कापड मारलं नाही. शौक एकच. रविवारी जेवण झालं की बाहेरच्या खोलीत बसून कॅसेटवर कधी अभंग, कधी वीणा ऐकायची.

अलीकडे त्याच्या अँप्लिफायरला खोड लागली होती. डावीकडचा स्पीकर मध्येच मुका व्हायचा. अँप्लिफायरच्या पेटीच्या मागच्या कोपऱ्यावर तळहाताने चापट दिली की पुन्हा बोलायचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुरुराजने ती उघडून पाहिली.

"आत एक जोड सैल झालाय, नरहरीराव. ठेवून जा, संध्याकाळी न्या."

पण गुरुराजच्या फळीवर दुप्पट ताकदीचा नवा अँप्लिफायर मांडला होता, आणि नरहरीची नजर तिथून हलेना. जुना दुरुस्त झाला तर नवा कशाला, असं कावेरी विचारणार, आणि त्यावर बायकोला द्यायला उत्तर नव्हतं. "राहू दे, बघतो," म्हणत तो पेटी तशीच घेऊन घरी आला.

सबब देवळाने पुरवली. विठ्ठल मंदिराच्या बैठकीत पंच रंगनाथ म्हणाला, "भोंगा गेला आपला. भजनाला सोयराअक्कांचा आवाज आता मागच्या ओळीला पोचत नाही."

"अँप्लिफायर मी देतो. स्पीकरसकट," नरहरी बोलून गेला.

या गल्लीत नवं ठाण उघडलं की पहिला तुकडा विठोबाच्या वस्त्राला कापतात, गिऱ्हाइकाचं माप त्यानंतर. त्यामुळे नवा की जुना, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. रंगनाथने तिथल्या तिथे जाहीर केलं, की नरहरी देवाला नवा अँप्लिफायर घेऊन देतो आहे. नरहरीने तोंड उघडलं, पण लोकांनी माना डोलावल्या आणि ते तसंच मिटलं. आपण नवा म्हणालोच नव्हतो, असं तो घरी जाताना स्वतःला समजावत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने फळीवरचा नवा स्पीकरच्या जोडीसकट घरी आणला.

एकादशीला त्याने जुनी पेटी पुसून चकचकीत करून स्पीकरांसकट देवळात नेली. रंगनाथने तिला हळदकुंकू वाहिलं. एक स्पीकर पुरुषांकडे, डावा बायकांकडे ठेवला. सोयराअक्कांनी माइक हातात घेतला, आणि म्हातारीचा बारीक आवाज दारापर्यंत खणखणीत गेला. तिसऱ्या अभंगाला बायकांकडचा स्पीकर गप्प झाला.

नरहरी विचार न करता उठला. सरळ पेटीमागे गेला, कोपऱ्यावर तळहात मारला. आवाज आला.

टाळ थांबले. सोयराअक्का माइक बाजूला न करताच म्हणाल्या, "नरहरी, बरोबर कुठं मारायचं ते ठाऊक आहे की रे तुला."

बायकांतून कुणीतरी म्हणालं, "घरचं लेकरू ते. बापाचा हात ओळखतं."

हशा पिकला. नरहरीही हसला, पण त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. रंगनाथ हसला नाही. आरती झाल्यावर त्याने नारळ आणि उपरणं पुढे केलं.

"राहू दे हो," नरहरी म्हणाला.

"जाहीर केलं होतं. घ्या."

सकाळी नरहरी नवा अँप्लिफायर खोक्यासकट रंगनाथच्या दुकानी घेऊन गेला. "हा देवळात ठेवा. तो मी परत नेतो."

रंगनाथने कात्री खाली ठेवली. "हळदकुंकू वाहिलेली वस्तू देवळातून परत नेतात होय? आणि हा मांडला तर लोक विचारतील, मग कालचा काय होता? मी काय सांगू त्यांना? पुरे झालं, नरहरी."

"निदान दुरुस्त तरी करून देतो."

"ते करा."

गुरुराज देवळात आला, पेटी उघडली आणि रंगनाथने मागवलेली कॉफी निवायच्या आत जोड पक्का करून मोकळा झाला.

"एवढंच होतं," पेचकस पुसत तो म्हणाला. "त्याच दिवशी करून दिलं असतं. तुम्हीच राहू दे म्हणालात."

शेजारी उभ्या रंगनाथने ते ऐकलं. तो नरहरीकडे न पाहताच निघाला. गुरुराजला देवळाच्या दारापर्यंत पोचवायला गेला आणि तिथूनच दुकानाकडे वळला.

खोकं बरेच दिवस बाहेरच्या खोलीत पडून राहिलं. शेवटी एका रविवारी कावेरीच म्हणाली, "आणलाय तर लावा आता. का त्याच्यावर इस्त्री करणार आहात?"

नरहरीने वायरी जोडल्या, वीणेची कॅसेट घातली. मग उठून रस्त्याकडची खिडकी लावली, बटण जेमतेम फिरवलं आणि खुर्ची स्पीकरला चिकटवून बसला.

"सुरू झालं का हो?" कावेरीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालंय."

"मला काहीच ऐकू येत नाही."

नरहरीने बटणाकडे हात नेला, खिडकीकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.