विंचरून घ्यायला

कुणाला कधी बोललो नाही, पण गुंड्याचे केस काढायला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मुलगी सासरी जाताना हा यॉर्कशायर टेरिअर कुत्रा माझ्यावर सोपवून गेली. रोज विंचरलं नाही तर केसांच्या गाठी होतात. ऑफिसातून आल्यावर मला ते होईना. शेवटी मशीन फिरवून आणलं आणि तिला फोनवर सांगितलं, "खरूज झाली होती."

कुत्रं वीतभर, पण लिफ्ट हलली तरी भुंकतं, कुणाचं ऐकत नाही. तोच गुंड्या अजून संध्याकाळी माझ्याकडे पाठ करून गप्प बसतो.

"अहो, बोडका झाला तरी आलाय बघा विंचरून घ्यायला!" बायको हसते.

मी नुसता हात फिरवतो. जवळ बसायला सगळ्यांनाच काही निमित्त लागतं; त्याचं मी कापून टाकलं, तरी तो येतो.

मुलीला खरं सांगायचं अजून बाकी आहे.