डाव्यानं वाढलेलं ताट

लातुरात आमच्या गल्लीत जिकडं बघावं तिकडं क्लासची पोरं आणि त्यांच्या मेस. पण भाकर आणि शेंगदाण्याची आमटी खावी ती दानम्माच्याच मेसवर. यावर मी कुणाशी वाद घालत नाही, कारण वाद घालण्यासारखं त्यात काही नाहीच.

दानम्मा मूळची औशाकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंत अंगावर आली आणि उजवा हात कोपरापासून गेला. लेकरं वाचली, तेवढ्यावर तिनं देवाशी भांडण मिटवून टाकलं. नवरा शिवशंकर, त्याच्यासोबत लातूरला येऊन मेस काढली. डाव्या हातानं भाकर थापायला शिकली. "आता डाव्या हातचा मळ हाय माझ्या," असं म्हणून स्वतःच हसायची.

वाढणं मात्र तिला जमेना. डाव्या हातानं कुणाच्या ताटात अन्न घालणं म्हणजे त्याचा अपमान, हे लहानपणापासून मनात बसलेलं. म्हणून ती पडद्याआड रांधायची आणि शिवशंकर वाढायचा. स्वतःचं ताटही तो स्वतःच घ्यायचा. आपल्या हातानं कुणाला जेवू घालता येत नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. माझ्या बायकोजवळ ते बोलून दाखवताना तिचे डोळे भरून यायचे.

एका दुपारी हिमायतनगरचे जिलानीभाई आले. त्यांची लेक जेबा क्लासला लागली होती. ती जिथं जेवणार तिथं आधी आपण जेवून बघायचं, असा त्यांचा खाक्या. नेमका शिवशंकर बाजारात अडकलेला. मीही ताटावर बसून होतो. जिलानीभाईंनी हाक मारली, पुन्हा मारली.

पडद्याआडून दानम्मा चाचरत म्हणाली, "भाऊ, डाव्यानं वाढलं तर चालंल का?"

जिलानीभाईंना ऐकू आलं 'डावानं', म्हणजे पळीनं. ते म्हणाले, "डावानंच वाढा की बाई. आमटी काय ओंजळीनं वाढून राहिले का इथं?"

आत दानम्माला हसू फुटलं. आवरेचना. हसतहसतच ती आमटीचा डाव घेऊन बाहेर आली. तिचा कोपराशी संपलेला हात बघून जिलानीभाईंना आपली चूक कळली. दानम्माचं हसू थांबलं.

जिलानीभाईंनी ताट पुढं सरकवलं. "वाढा. खायाचं काम माझ्या उजव्याचं हाय. वाढायाला कोणताबी चालतो."

तिनं त्यांना वाढलं, मग मला. जेबाचं जेवण तिथंच ठरलं.

शिवशंकर आला. आम्हाला जेवताना बघून चपापला. हात धुऊन नेहमीप्रमाणं आपलं ताट घ्यायला वळला.

"बसा," दानम्मा म्हणाली. "मी वाढते."

तो बसला. भूकंपानंतर पहिल्यांदा बायकोनं त्याच्या ताटात भाकर ठेवली, वर आमटी घातली. त्याचं पोट कधीच भरलं होतं, तरी तो मान खाली घालून "अजून थोडी घाल" म्हणत राहिला.