हलकं पातं

"यंत्र कुणाचं वाईट चिंतत नाही, म्हणून ते काम मला करावं लागतं," असं ती एकदा म्हणाली होती. वर्कशॉपमधले सगळे हसले. ती हसली नाही, कारण तिने विनोद केलाच नव्हता.

फांद्यांचा चुरा करणारी चिपर यंत्रं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. सगळे तिला मिस्त्रीबाई म्हणत. यंत्र गेटातून आत आलं की ती मालकाचं रडगाणं ऐकून घ्यायची नाही. इंजिन बंद असल्याची खात्री करून चुरा बाहेर फेकणाऱ्या चोंग्यात हात घालायची आणि आत अडकलेला चुरा मुठीत घेऊन उजेडात धरायची. कपच्या कोरीव निघाल्या तर पाती ठीक. दोऱ्यासारखे रेशे लोंबत असले तर पाती बोथट, नाहीतर खालच्या स्थिर पात्याशी फट वाढलेली. ओला लगदा असला तर पट्टा घसरतोय, पाती फिरवणाऱ्या चकतीला वेग मिळत नाही.

"पेशंटला कुठे दुखतं ते कळत नसतं," ती म्हणायची. "त्याने काय ओकलं ते बघायचं."

हे काम तिने हौसेने धरलं नव्हतं. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करायची. धाकटा भाऊ सरकारी बागांमधली झाडं छाटणाऱ्या टोळीत होता. एका दुपारी चिपरमध्ये फांद्या सारताना त्याची बाही फांदीत अडकली आणि आत ओढणाऱ्या रोलरांनी फांदीबरोबर हातही आत ओढला. अशा वेळी यंत्राच्या तोंडाशी एक लाल दांडी असते, ती नुसती पोटाने ढकलली तरी रोलर जागच्या जागी थांबतात. त्या दुपारी थांबले नाहीत. दांडी तारेने मागे बांधून ठेवलेली होती. फांद्यांचा धक्का लागून ती सारखी पडते, काम खोळंबतं, म्हणून टोळ्या ती बांधून टाकतात. सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे बांधतात.

चौकशीत टोळीच्या मुकादमाने सांगितलं, "तार पोरानेच बांधली होती." भावाची नोकरी गेली. हात कोपराखाली आधीच गेला होता.

हॉस्पिटलच्या खाटेवर वाकून तिने विचारलं होतं, "मुकादमानेच बांधली ना? बांधून वर तुझ्यावर ढकलतोय ना?" भावाने डोळे मिटून घेतले. तेवढं तिला पुरलं.

तिने कारखाना सोडला आणि या वर्कशॉपात झाडलोटीपासून सुरुवात केली. तिचा हिशेब सरळ होता: शहरातलं प्रत्येक चिपर कधी ना कधी बिघडतं, आणि बिघडलं की इथेच येतं. तिचं लग्न ठरलेलं होतं. तो माणूस एकदा गेटापर्यंत आला, यंत्राखालून बाहेर आलेले तिचे पाय बघत थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

"बरं झालं," ती भावाला म्हणाली. "त्याला कशाचा रागच यायचा नाही. असल्या माणसाशी बोलायचं काय?"

भावालाही तिने वर्कशॉपातच चिकटवलं. तो पुढच्या टेबलावर बसून फोन घ्यायचा, डाव्या हाताने पावत्या फाडायचा. घरी दोघंच. रोज सकाळी त्याची रिकामी बाही दुमडून पिन लावताना ती मुकादमाला एक शिवी द्यायची. देवाचं नाव घ्यावं तशी, न चुकता, रोज निराळी. भाऊ मान वळवून खिडकीबाहेर बघायचा.

राग असा जपला की तो हातात उतरतो. बिघाड शोधता शोधता तिला बिघाड घडवायचाही कसा ते कळत गेलं. चिपरच्या चकतीवर दोन पाती असतात, समोरासमोर. ती नेहमी जोडीने घासायची असतात आणि काट्यावर वजन सारखं भरलं तरच बसवायची. एक हलकं राहिलं की पहिल्या दिवशी फक्त थरथर. मग बेअरिंग जातं. मग बोल्ट ढिले होतात, आणि एखाद्या दुपारी पातं झाकण फोडून बाहेर येतं. समोर जो असेल त्याच्या अंगावर. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण रात्री झोप येत नसली की ती मनातल्या मनात एकच पातं घासत राहायची.

आणि एका सकाळी मुकादम आला. केस पांढरे, कंबरेला पट्टा. निवृत्तीनंतर झाडं छाटायचं काम त्याने स्वतःच सुरू केलं होतं. जीपमागे चिपर, जीपमध्ये तरणाबांड जावई.

"रेशे सोडतंय," मुकादम म्हणाला. "आणि उड्या मारतंय. दुसऱ्या कुणाला जमेना, बाई, म्हणून तुमच्याकडे आलो."

"उशीर केलात," ती म्हणाली.

"नाही हो, परवापासूनच त्रास देतंय."

तिने चुरा मुठीत घेतला, टाकला. मग लाल दांडीवर बोट ठेवलं. दांडी अलगद हलली. स्प्रिंगला ताजं ग्रीस, तारेचा मागमूस नाही.

"बांधली नाही दांडी? म्हातारपणी शहाणपण सुचलं वाटतं."

मुकादमाने तिच्या खांद्यावरून पुढच्या टेबलाकडे बघितलं. भाऊ पावतीपुस्तकात डोकं खुपसून बसला होता.

"बाई," मुकादम हळूच म्हणाला, "मी जन्मात कधी दांडी बांधली नाही."

ती मोठ्याने हसली. "चालवतं कोण? तुम्हीच?"

"माझी कंबर गेली. आता जावई चालवतो."

जावयाने लाजून नमस्कार केला. जावई तर जावई, तिच्या मनात आलं. मुकादमाच्या घरातलंही कुणीतरी हॉस्पिटलात खाटेवर वाकू दे.

"दुपारी या," ती म्हणाली.

तिने पट्टा ताणला, चोंगा मोकळा केला, खालच्या पात्याची फट नीट बसवली. काम इतकं चोख केलं की बघणाऱ्याला वाटावं, सख्ख्या माणसाचं यंत्र आहे. मग पाती काढून ग्राइंडरवर धरली. एक घासलं. दुसरं घासलं, आणि घासतच राहिली.

जेवायला हाक मारायला भाऊ आत आला तेव्हा काट्यावर एकेक पातं ठेवून ती बघत होती. त्यानेही आकडे बघितले.

"ताई, हे हलकं आहे."

"दिसतंय मला."

"अगं, तो पोरगा चालवणार आहे ते."

"तूही पोरगाच होतास."

त्याने डावा हात पात्यावर ठेवला. पातं अजून गरम होतं, पण त्याने हात काढला नाही.

"तार मी बांधली होती."

तिने ग्राइंडरचं बटण बंद केलं.

"संध्याकाळी सामना होता," तो म्हणाला. "लवकर सुटायचं होतं. मुकादमाने सकाळीच एकदा तार कापून फेकली होती, आईवरून शिवी दिली होती मला. तो पलीकडच्या रस्त्याला गेला आणि मी परत बांधली."

"मी विचारलं होतं तुला."

"विचारलंस कुठे? तूच मला सांगितलंस. मी डोळे मिटले, आणि घरी आलो तर तू नोकरी सोडून बसली होतीस. मग ते लग्न. मग हे सगळं. कुठल्या दिवशी सांगायचं होतं, ताई? तू इतक्या जोरात निघाली होतीस की मला मागून हाक मारता आली नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. पिन लावलेल्या बाहीकडे बघितलं. मग त्याच्या हाताखालून पातं ओढून घेतलं आणि यंत्रापाशी गेली.

"दुसरंही तेवढंच घास ना," तो मागे मागे गेला. "पाच मिनिटांचं काम आहे. ताई?"

तिने जड पातं बसवलं. समोर हलकं बसवलं. बोल्ट पान्याने आवळले, एकेक. झाकण लावलं. तो बोलत राहिला, हात जोडता येत नव्हते म्हणून एकच छातीशी धरून बोलत राहिला.

बाहेर जीप थांबली, तसा भाऊ पुढच्या टेबलापाशी गेला. मुकादम आणि जावई आत आले.

"झालं का, बाई? चालवून बघू?"

तिने खिशातून यंत्राची चावी काढली आणि ती मुकादमाच्या हातात न देता पुढच्या टेबलावर, भावासमोर ठेवली. पातं हलकं आहे हे आता त्यालाच सांगावं लागणार होतं. का हलकं आहे, हे मुकादम विचारणारच, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तारेपासून सुरू होत होतं.

जावयाने हात पुढे केला. "द्या ना चावी."

भावाने चावीवर तळहात दाबला. त्याने ताईकडे बघितलं. ती हात पुसत होती, बोटांच्या पेरांमधून, नखांच्या कडांमधून, सावकाश.

"मुकादम," भाऊ म्हणाला, "यंत्र चालू करू नका."

"का रे? काय झालं?"

तिने फडकं खुंटीला अडकवलं आणि तिघांच्या मधून, कुणाकडेही न बघता ती बाहेर पडली.