नबीच्या हातचा जोड

चकलांब्याच्या दूध संस्थेनं सभासदांच्या घरांवर सोलर बसवलं, ते गेवराईच्या नबी मिस्त्रीकडून. पुढं दुष्काळ पडला, जनावरं छावणीला गेली आणि संस्था बंद पडली. गेल्या साली नबीही छातीत कळ येऊन वारला. म्हणून आपल्या घरात दिवे लागेनात तेव्हा चकलांब्याची गीताबाई त्याच्या बायकोकडं, हजराबीकडं आली. हजराबीनं नवऱ्याबरोबर कितीतरी घरांत तारा ओढल्या होत्या. त्याचं मीटर पिशवीत घालून ती निघाली.

बॅटरीत पाणी होतं, फ्यूजही शाबूत होता, पण वरून वीजच उतरत नव्हती. हजराबी शिडीनं पत्र्यावर चढली. प्लेटीला मीटर लावलं तर काटा पुरा वर गेला. म्हणजे खोट मधल्या तारेत होती. तार चाचपत ती एका जोडापाशी थांबली. टेप तिरकी गुंडाळायची ही पद्धत नबीचीच. टेप उकलली, तर आत जोड काळा पडला होता.

तो कापायला तिचा हात धजेना. मग तिनं जोड तोडला, तारा खरवडल्या आणि नव्यानं पिळल्या.

"चार्जिंगचा हिरवा दिवा लागला, भाभी!" खालून गीताबाई ओरडली. "काय बिघडलं होतं?"

"ह्यांच्याच हातचा जोड होता, बाई. सैल पडून जळाला."

हजराबीनं डोळ्यांवरून पदर फिरवला.

"गावात अजून कुणाकडं ह्यांनी बसवलंय? चला, ऊन हाय तवर सगळे जोड बघून घेऊ."